पुन्हा वापरायच्या रॉकेटांची जुळणी-इमारत: प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी

व्याप्ती ठरली. बूस्टर, म्हणजे रॉकेटचा खालचा, उडून परत येणारा टप्पा, ६५ मीटर उंच, व्यास ८ मीटर, रिकामं वजन १८० टनांच्या आसपास. वरचं यान शेजारच्या वेगळ्या इमारतीत तयार होईल आणि दोन्ही एकावर एक चढतील ती प्रक्षेपण मंचावरच. म्हणजे अख्खं रॉकेट आमच्या छपराखाली कधीच उभं राहणार नाही. या एका निर्णयाने इमारतीची उंची ४० मीटरने उतरली. आता छप्पर १०० मीटरवर, क्रेनचा हूक ८२ मीटरवर, मधोमध गल्ली आणि दोन्ही बाजूंना मिळून दहा उभे कक्ष.

बैठकीत उंचीवर दोन तास खल झाला. कक्ष किती आणि कशासाठी, हा विषय चहा येईपर्यंत उरकला.

१९ जानेवारी

कक्षांचा विषय पुन्हा काढायचा म्हणून दोन इमारतींचे आकडे शेजारी शेजारी मांडले.

पहिली केनेडी अवकाश केंद्रातली व्हेइकल असेम्ब्ली बिल्डिंग, म्हणजे सगळ्यांच्या तोंडची व्हीएबी. १९६६ साली पूर्ण झाली. उंची १६० मीटर, घनफळ ३६ लाख घनमीटरांहून जास्त, उंच कक्ष चार. दुसरी स्पेसएक्सची गिगाबे. मार्च २०२५ मध्ये फ्लोरिडासाठी जाहीर केलेल्या आराखड्यात तिची उंची ३८० फूट, म्हणजे ११६ मीटर. घनफळ ४ कोटी ६५ लाख घनफूट, म्हणजे साधारण १३ लाख घनमीटर. आणि कामाचे कक्ष २४.

घनफळ तिसऱ्या हिश्श्याच्या जवळपास, कक्ष सहापट. व्हीएबी सॅटर्न ५ साठी बांधलेली. ते १११ मीटरचं रॉकेट फिरत्या मंचासकट आत पूर्ण उभं राहायचं, एकदा बाहेर पडलं की परत यायचा प्रश्न नव्हता. १३ उडाली, कक्ष १३ वेळा मोकळे झाले. आमचं रॉकेट बाहेर पडेल आणि काही तासांत काजळी माखून पुन्हा दाराशी उभं राहील. त्याला जागा कोण देणार?

कार्यक्रम विभागाच्या तक्त्यात दहापैकी आठ कक्ष नव्या उत्पादनाच्या नावावर आहेत. परत येणाऱ्यांसाठी दोन, तेही 'तात्पुरते' असा शेरा मारलेले.

२ फेब्रुवारी

हिशेब मांडला. त्यात काही अवघड नाही. आठवड्याला जितके बूस्टर येतात त्याला प्रत्येकाच्या आठवड्यांत मोजलेल्या मुक्कामाने गुणलं की सरासरी किती कक्ष भरलेले राहतील ते कळतं.

तिसऱ्या वर्षाचं उद्दिष्ट आठवड्याला दोन उड्डाणांचं आहे, म्हणजे दोन बूस्टर परत. तपासणी, इंजिनांची अदलाबदल, उष्णतारोधक पत्र्यांची डागडुजी धरून प्रत्येकाचा मुक्काम नऊ दिवस. उत्तर २.६ कक्ष. नवा बूस्टर तीन आठवड्यांना एक, मुक्काम चाळीस दिवस. उत्तर १.९.

म्हणजे दोन कक्षांत २.६ बसवायचे होते. रांग वाढतच गेली असती आणि बूस्टर उघड्यावर वाट पाहत उभे राहिले असते. इकडे नव्या उत्पादनाचे सहा कक्ष रिकामे.

बरं, सरासरी हे अर्धंच सत्य. एखादा बूस्टर शेपटीकडची आच सोसून येईल आणि पंचवीस दिवस हलणार नाही. कधी दोन बूस्टर लागोपाठ येतील. असे प्रसंग घालून संगणकावर वर्षाचा खेळ चालवला, तेव्हा परतीसाठी पाच कक्ष असतील तरच रांग आटोक्यात राहते असं दिसलं. मागणी अशी ठेवली: पाच परतीचे, चार नव्यांचे, एक कोणाच्याच नावावर नाही.

मुक्काम नऊ दिवस कुठून आणला, असं विचारलं गेलं. विचारायलाच हवं होतं. स्पेस शटलच्या दोन उड्डाणांमधलं सगळ्यात कमी अंतर ५४ दिवसांचं: अटलांटिस ३ ऑक्टोबर १९८५ ला उडालं, पुन्हा २६ नोव्हेंबरला. कागदावरची स्वप्नं याहून कितीतरी वेगवान होती. दुसऱ्या टोकाला फाल्कन ९. मार्च २०२५ मध्ये त्याचा एक बूस्टर नऊ दिवसांच्या अंतराने दोनदा उडाला. तो विक्रम झाला, रोजचा रिवाज नव्हे. आम्ही उड्डाण ते उड्डाण नव्हे, फक्त कक्षातला मुक्काम मोजतोय. तरीही नऊ हा आकडा पहिल्या वर्षी पाळला जाईल असं मला वाटत नाही. इमारत मात्र त्यावरच आखायला हवी, कारण भिंती नंतर सरकवता येत नाहीत.

१० फेब्रुवारी

'आडवं का नाही जुळवत?' हा प्रश्न आज पुन्हा आला. फाल्कन ९ आडवंच जुळवतात, सोयूझही. बुटकी, लांब शेड पुरते, उंच क्रेन लागत नाही, माणसं जमिनीवरून काम करतात. फाल्कन ९ चा व्यास ३.७ मीटर आहे म्हणून ते जमतं. ८ मीटर व्यासाची, काही मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याची टाकी रिकामी आडवी ठेवली की स्वतःच्या वजनाने चपटी होऊ पाहते. मग आत दाब भरा, नाहीतर बाहेरून कडी घाला. उभी ठेवली की वजन सरळ अक्षातून खाली उतरतं, पत्र्याच्या गोल कडीवर कडी ठेवून जोडाची वेल्डिंग गोल फिरत करता येते. उतरतंही उभंच. एकदा आडवं करायचं आणि पुन्हा उभं करायचं, हे दोन्ही धोक्याचे उद्योग फुकटचे.

विषय बंद. पुन्हा निघेलच.

६ मार्च

आजचा दिवस क्रेनचा. माझ्या मते या प्रकल्पातला सगळ्यात महत्त्वाचा तक्ता हाच, आणि तो कुणाच्याही सादरीकरणात नसतो.

नवा बूस्टर उभारायला क्रेन किती तास अडकते? कड्यांचा एकेक गठ्ठा उचलायचा, खालच्या गठ्ठ्यावर धरून ठेवायचा, कडा जुळेपर्यंत आणि वेल्डिंगचे टाके पडेपर्यंत हूक सोडायचा नाही. एकेका जोडाला पाळीच्या पाळी जातात. तेवढ्यात परतलेला बूस्टर दारात आला आणि त्यालाही क्रेननेच कक्षात न्यायचं असेल तर एकाने थांबायचं. कक्ष कितीही बांधा, क्रेन एक असेल तर इमारतीत एकच काम चालू असतं.

दोन निर्णय झाले. गल्लीत २५० टनांच्या दोन क्रेन, एकाच रूळजोडीवर. आणि उभा बूस्टर हलवायचं काम क्रेनकडे नाहीच. ते बहुचाकी स्वयंचलित वाहनं करतील, बूस्टर त्याच्या स्टँडसकट जमिनीवरूनच कक्षात जाईल. त्यासाठी फरशी सपाट आणि भक्कम हवी, म्हणून पायाचे लोक नाराज. फरशी महाग पडते हे खरं. क्रेनचा तास त्याहून महाग.

क्रेनच्या अटीत एक ओळ लाल शाईने घातली: दोन स्वतंत्र दोर, दोन स्वतंत्र ब्रेक, एक तुटला तरी भार दुसऱ्याने तोलून धरायचा. अणुभट्ट्यांच्या इमारतींत हे नेहमीचं आहे. पुरवठादाराने किंमत वाढवली. द्यावी लागेल.

२३ मार्च

पाच-चार-एक मंजूर. 'तात्पुरते' हा शेरा गेला.

१७ एप्रिल

पाइलचं, म्हणजे पायासाठी जमिनीत खोल जाणाऱ्या खांबांचं, काम सुरू. अशा इमारतीचं वजन पेलणं ही मोठी अडचण नसते, ती आतून पोकळ असते. अडचण वाऱ्याची. ६० मीटर प्रति सेकंद वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला २२० किलोच्या घरात जातो. १०० मीटर उंच, ८० मीटर रुंद भिंतीवर पुढून ढकल आणि मागून ओढ धरली तर ढोबळमानाने २३०० टनांचा आडवा जोर. वाऱ्याकडच्या खांबांखालचे पाइल तेव्हा दाबले जात नाहीत, उपटले जाऊ पाहतात. आमचे निम्मे पाइल या उपटण्यासाठीच खोल गेलेत.

व्हीएबीखाली ४,२२५ पोलादी पाइल आहेत, सुमारे ५० मीटर खोल, खडकापर्यंत. तिथे खाऱ्या पाण्यात इतकं पोलाद रोवल्यावर त्याची एक अवाढव्य विजेची बॅटरीच होईल आणि पाइल गंजतील, हे लक्षात आलं तेव्हा प्रत्येक पाइल तांब्याच्या तारेने जोडून घेतला होता. आमचे पाइल काँक्रीटचे, पण सळ्यांची विद्युत-जोडणी आम्हीही करतोय. गंज दिसतो तेव्हा इमारत उभी झालेली असते.

२८ मे

पहिला मोठा पाइल कॅप (पाइलांच्या डोक्यावरचा काँक्रीटचा ठोकळा) ओतला. जाडी २.८ मीटर. संध्याकाळी सुरुवात, मिक्सरच्या पाण्यात बर्फ, ट्रक येईल तसा स्लम्प (काँक्रीट किती पातळ ते) आणि तापमान दोन्ही मोजायचं. एक ट्रक गरम निघाला, परत पाठवला. चालक बराच वेळ हुज्जत घालत होता.

३१ मे

कॅपच्या पोटातल्या थर्मोकपलांचे, म्हणजे तापमापकांचे, आकडे आज सगळ्यात वर गेले. गाभ्यात ६३ अंश, पृष्ठभागाजवळ ४६. मुभा गाभ्याला ७० ची आणि दोन्हीतल्या फरकाला २० ची. आपण १७ वर आहोत.

साइटवरच्या एका नव्या मुलाने विचारलं की काँक्रीट इतकं तापलंय तर वरून आच्छादन कशाला घातलंय, उघडं ठेवून पाणी मारू. त्याला वही दाखवली. पोट तापलेलं आणि कातडी गार, असं झालं की कातडी आक्रसते आणि तडकते. म्हणून वरचा भागही उबदार ठेवायचा आणि दोन्हीला सावकाश, बरोबरीने निवू द्यायचं. पुढचे आठ दिवस आच्छादनाला हात लावायचा नाही, असा फलकच लावला.

११ ऑगस्ट

पोलादी चौकट चढतेय. जमिनीवरच मोठाले भाग बोल्ट करून, मग उचलून वर. उंचावरची जोडणी जितकी कमी तितकं बरं.

सर्वेअरशी वेळेवरून वाजलं. त्याचं म्हणणं बरोबर होतं. त्याला मोजमाप सूर्योदयाआधीच हवं. दिवसा घेतलेलं माप तो वहीत लिहायलाही तयार नाही. पोलाद २५ अंशांनी तापलं की १०० मीटरचा खांब ३० मिलिमीटर वाढतो. सगळे खांब सारखे वाढले तर एक वेळ चाललं असतं. पण सकाळी ऊन पूर्वेच्या खांबांवर पडतं, ते आधी लांबतात, आणि अख्खी चौकट पश्चिमेकडे कलते. संध्याकाळी उलट. क्रेनच्या दोन रुळांमधल्या अंतराला मुभा काही मिलिमीटरांची आहे. दुपारच्या मापावर रूळ बसवला असता तर तो फक्त दुपारीच बरोबर राहिला असता.

चौकट उभारणाऱ्या लोकांची पाळी मात्र सात वाजता सुरू होते. तोडगा असा: बोल्ट दिवसा सैल बसवायचे, शेवटची ओढ पहाटेच्या मापानंतर द्यायची. पहाटेच्या पाळीला वेगळा भत्ता. लेखा विभागाची कुरकुर चालू.

५ ऑक्टोबर

दारं. दरवाजाची मोकळी जागा १२ मीटर रुंद, ७५ मीटर उंच. म्हणजे ९०० चौरस मीटर. तोच वादळी वारा धरला तर एका दारावर जवळपास २०० टन.

व्हीएबीची दारं १३९ मीटर उंच आहेत आणि पूर्ण उघडायला साधारण ४५ मिनिटं लागतात. वर्षातून मोजक्या वेळा उघडायची तर ठीक. आमचं दार आठवड्यातून अनेकदा उघडणार, तेही बूस्टर वाहनावर उभा असताना, बाहेर वारा वाढत असताना. म्हणून उभ्या सरकत्या पानांचं पण हलकं दार, आणि वेळेची अट पंधरा मिनिटं. 'वाऱ्याचा वेग अमुक झाला की दार उघडायचंच नाही' हा नियम बूस्टर वाहनावर चढवण्याच्या नियमाशी जोडून टाकला. आधी दोघांचे आकडे वेगळे होते. बूस्टर निघायला परवानगी आणि दार उघडायला मनाई, अशी वेळ येऊ शकली असती.

दाराच्या वरच्या तुळईला मधे खांब देता येत नाही. वास्तुविशारदाला तो समोरून छान दिसला असता. नाही म्हणालो.

२० जानेवारी, दुसरं वर्ष

छप्पर आणि पत्रे जवळपास पूर्ण. क्रेनचे गर्डर (आडव्या तुळया) वर गेले. वायुवीजनाचं काम दोन महिने मागे आहे, त्यावर वेगळी टिपणी पाठवली.

९ मार्च

वायूंच्या सुरक्षेची आढावा बैठक, संध्याकाळपर्यंत चालली.

परतलेल्या बूस्टरच्या टाक्यांत इंधनाचा मिथेन उरलेला असतो. तो बाहेरच नायट्रोजनने धुऊन काढायचा, मगच दारातून आत. तरीही राहिलाच तर? साध्या तापमानाचा मिथेन हवेपेक्षा हलका, छपराशी जमतो. अतिथंड मिथेन मात्र हवेहून जड, तो आधी खाली सांडतो आणि गरम होत होत वर चढतो. म्हणून संवेदक छपरालाही आणि फरशीजवळही. फक्त वर लावू, असा एक प्रस्ताव होता.

मला जास्त भीती नायट्रोजनची वाटते. मिथेनच्या नावाने सगळे सावध असतात. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही, गुदमरल्याची जाणीवही तो होऊ देत नाही, कारण श्वास कोंडतो तो कार्बन डायऑक्साइड साचल्याने, ऑक्सिजन घटल्याने नव्हे. माणूस टाकीत वाकून बघतो आणि कोसळतो, त्याला काढायला दुसरा वाकतो. टाकीत, इंजिनांच्या घेऱ्यात आणि तळघरातल्या नळांच्या खंदकात जाणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर ऑक्सिजन मीटर असेल, तोंडाशी एक पहारेकरी असेल आणि पहारेकऱ्याने आत जायचं नाही. हे शेवटचं वाक्य ठळक अक्षरांत छापायला सांगितलं.

२६ एप्रिल

क्रेन क्रमांक एक चालू. अजून भार नाही, नुसता हूक.

हूक फरशीजवळ आणला की वर ७५ मीटर दोर लोंबत असतो. ट्रॉली, म्हणजे हूक वाहणारी वरची गाडी, थांबवली की हूक झुलायला लागतो, आणि एक हेलकावा पूर्ण व्हायला १७ सेकंदांहून जास्त लागतात. पाहताना कळतसुद्धा नाही की तो हलतोय. ऑपरेटर नवा असेल तर त्याला वाटतं थांबला, तो ट्रॉली सरकवतो आणि झोका वाढवतो. तोच हूक वर घेतला, दोर दहा मीटर उरला, की हेलकावा सहा सेकंदांचा. एकाच पाळीत, एकाच उचलीत ही लय बदलत जाते.

झोका मारणारी नियंत्रण-प्रणाली आहे आणि चांगली आहे. तरी ऑपरेटरांना ती बंद ठेवूनच शिकवायचं ठरलं. आमचे मुख्य ऑपरेटर म्हणाले, "आधी हाताला कळू दे, मग यंत्राला करू दे." ते हूक थांबवतात तेव्हा ट्रॉली शेवटी अर्धा हात पुढे नेतात, झोक्याच्या टोकाला गाठून. पाहत राहावं असं काम आहे.

१४ मे

भार चाचणी. आधी पूर्ण क्षमता, २५० टन. गर्डरचा गाळा ३६ मीटरचा, मधोमध झोल २९ मिलिमीटर. मुभा ३६ ची होती. मग सव्वापट, ३१२.५ टन. पोलादी ठोकळे रचायलाच अर्धी पाळी गेली.

भार जमिनीपासून हातभर वर धरून ठेवला. हूक खाली सरकतो का ते दर पाच मिनिटांनी मोजलं. सरकला नाही. मग चालू उतरणीत एक ब्रेक मुद्दाम निकामी करून दुसऱ्याने थांबवलं. थांबला, पण गर्डरमधून जो आवाज आला त्याने सगळ्यांनी वर पाहिलं. तपासणीत काही सापडलं नाही. रुळाच्या क्लिपा बसल्या असाव्यात. त्या पुन्हा ओढून घ्यायच्या.

क्रेन क्रमांक दोन पुढच्या आठवड्यात. दोन्ही क्रेन एकमेकींच्या किती जवळ येऊ शकतात त्याच्या लिमिट स्विचची (क्रेन आपोआप थांबवणाऱ्या खटक्याची) जागा अजून वादात आहे. मी बारा मीटर म्हणतोय, उत्पादनवाल्यांना सहा हवेत.

२ जुलै

नव्या बूस्टरची पहिली कडी तिसऱ्या कक्षात आली. छायाचित्रकार आले होते.

१८ सप्टेंबर

परतीचा पहिला पाहुणा. दार तेरा मिनिटांत उघडलं. वाहन गल्लीत वळलं, सातव्या कक्षात गेलं, क्रेनला हातही लावावा लागला नाही. त्या वेळी दोन्ही क्रेन दुसरीकडे कामात होत्या, हे कार्यक्रम विभागाला आवर्जून कळवलं.

अडलं ते दुसऱ्याच ठिकाणी. कक्षातले सरकते मंच बूस्टरभोवती गोल येऊन बसतात, कडेला रबरी पट्टी, पत्र्यापासून ७५ मिलिमीटर मोकळं. ही जागा ड्रॉइंगमधल्या बूस्टरसाठी ठेवलेली. उडून आलेला बूस्टर ड्रॉइंगसारखा नसतो. चौथ्या मजल्याच्या मंचाजवळ पत्रा बाहेर आलेला, दुसऱ्या बाजूला थोडा आत, आणि बाहेरच्या नळीच्या एका आवरणाला आचेने पीळ पडलेला. मंच एका बाजूने टेकायला आला आणि समोर माणसाचा पाय जाईल इतकी फट.

नव्या बूस्टरच्या चारही कक्षांत हेच मंच व्यवस्थित बसतात. तिथे बदल नको. परतीच्या पाच कक्षांत आणि त्या सुट्या कक्षात मंचाची कड तुकड्या-तुकड्यांनी पुढेमागे होणारी हवी, प्रत्येक तुकडा स्वतंत्र, १५० मिलिमीटर सरकेल असा. फॅब्रिकेटरला रेखाटन पाठवलं. तोवर फटीवर जाळी, आणि चौथ्या मजल्यावर पट्टा बांधल्याशिवाय कुणी जायचं नाही.

पुढचा बूस्टर मंगळवारी येतोय. त्याला आठवा कक्ष.